एका माणसाला एकच काँगो

अमेरिकेहून येऊन दीड महिना झाला. भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलं? खरं सांगितलं की लोकांचा विरस होतो. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा मला व्हॅनच्या काचेतून, अंगठ्याएवढा, क्षणभर दिसला आणि लगेच झोप लागली. मोठे धबधबे, मोठ्या इमारती, जुगाराची शहरं, यातलं काही मी पाहिलं नाही. मी थकून गेलो होतो आणि थकून परत आलो. तरी चार दिवस असे गेले की ते लिहून ठेवावेसे वाटतात.

मी ऑर्केस्ट्रात काँगो वाजवतो. स्टेजच्या डाव्या कडेला कमरेएवढे उंच, पिंपासारखे तीन ढोल मांडलेले असतात आणि त्यांच्यामागे एक माणूस उभा राहून दोन्ही हातांनी ते बडवत असतो, तो मी. एकतीस वर्षं हेच केलं. लग्नं, गणपती, शाळांची स्नेहसंमेलनं, साखर कारखान्यांचे वाढदिवस. आमचा ऑर्केस्ट्रा विलास कदमचा. तो गातोही आणि मालकही तोच. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणतो.

२००६ साली गणपती झाल्यावर आम्ही सातजण निघालो. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे आठ कार्यक्रम होते. तिकडे कार्यक्रम फक्त शनिवार-रविवारी होतात. बाकीचे दिवस व्हॅनमध्ये आणि परक्याच्या घरात जातात.

हर्नडन, व्हर्जिनिया

हर्नडनला आम्ही पोचलो तेव्हा पाच कार्यक्रम झाले होते आणि माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं मूळ बोरासारखं सुजलं होतं. मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. सुजेपेक्षा भीती वेगळीच होती. आमच्यात संदेश नावाचा अठ्ठावीस वर्षांचा ऑक्टोपॅडवाला आहे. ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकोनांचं एक ताट. काठीनं मारलं की त्यातून तबला, ढोलकी, काँगो, हवं ते वाजतं. त्याला काही सुजत नाही. गेली तीन वर्षं मी विलासच्या चेहऱ्याकडे बघत होतो की तो कधी म्हणतो, अण्णा, आता तुम्ही बसा.

तिकडे काँगो भाड्यानं आणतात. हर्नडनच्या मंडळाचे सेक्रेटरी, नागपूर-पुण्याकडून आलेल्या सगळ्या मंडळींसारखे कॉम्प्युटरवाले, मोठ्या अभिमानानं म्हणाले, "अण्णा, एकदम न्यू पीस बुक केलेत तुमच्यासाठी!" काँगो चकचकीत होते, पण त्यांच्यावर कातडं नव्हतं. प्लॅस्टिकची पानं होती. कातडं हाताला थोडं आत घेतं. प्लॅस्टिक हात परत फेकतं. शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. समई पेटवायला परवानगी नाही म्हणून सेलवर चालणारी समई ठेवली होती. प्रमुख पाहुण्यांनी तिचं बटण दाबलं, टाळ्या झाल्या आणि मी पुढचे तीन तास त्या प्लॅस्टिकवर हात आपटत राहिलो.

जेवण मात्र उत्तम होतं. प्रत्येक घरानं एक एक पदार्थ आणला होता. एक काकू अळूची भाजी घेऊन आल्या होत्या. अळू त्यांनी परसात कुंड्यांमध्ये लावलंय म्हणाल्या. हिवाळ्यात कुंड्या घरात घेतात, पाहुण्यांच्या खोलीत ठेवतात. "मग पाहुणे कुठे झोपतात?" मी विचारलं. "अळूशेजारी," त्या म्हणाल्या.

पार्सिपनी, न्यू जर्सी

पार्सिपनीचा कार्यक्रम शनिवारी दुपारी झाला. माझी उतरायची सोय मीना ठाकरे यांच्याकडे होती. मूळच्या नागपूरच्या, पंचेचाळिशीच्या. नवरा कंपनीत, दिवसभर कानाला फोन. मीना स्वतः हातापायांचे व्यायाम देणाऱ्या, म्हणजे फिजिओथेरपिस्ट.

रविवारी सकाळी त्यांनी पोहे केले. मी डाव्या हातानं बशी उचलली. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला.

"काका, काय करून राहिले तुम्ही? उजव्या हातानं उचला न."

"सवय आहे," मी म्हणालो.

"डावखुरे आहात का?"

"नाही."

"मग दाखवा बरं हात."

मी हात पुढे केला. बायकोलाही इतका वेळ बघू दिला नसेल. त्यांनी एकेक पेर दाबलं, वाकवलं. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला.

"कधीपासून दुखून राहिलं?"

"दोन वर्षं. तीन असतील."

"सांध्यांमधली गादी झिजली आहे काका. डॉक्टरला दाखवाल तेव्हा ते फोटो काढून नीट सांगतीलच. पण असंच चालू ठेवलं न, तर वर्षभरात शर्टाची बटणं दुसऱ्याला लावून द्यावी लागतील. उद्या माझ्यासोबत क्लिनिकला चला."

मी म्हणालो, पुढच्या रविवारी ॲन आर्बरला कार्यक्रम आहे, तो झाला की इंडियात जाऊन बघतो. त्या म्हणाल्या, "तो तुमचा प्रश्न. सोमवारी सकाळी सातला गाडी काढते मी."

युनियन सिटी

मीनांचं क्लिनिक युनियन सिटी नावाच्या गावात आहे. नदीच्या पलीकडे न्यूयॉर्क दिसतं. पण या काठावरचा रस्ता वेगळाच. दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये, बेकरीच्या खिडकीत पेरूच्या मुरंब्याचे पॅटिस, फुटपाथवर हात हलवत मोठमोठ्यानं बोलणारी म्हातारी माणसं. महिनाभर अमेरिकेत रस्त्यावर चालणारी माणसंच दिसली नव्हती. इथं बरं वाटलं. मीना तिथल्या पेशंटशी बोलून बोलून स्पॅनिश शिकल्या होत्या. व्याकरण कसं होतं ते मला काय कळणार, पण समोरचे हसत होते.

त्यांनी माझा हात गरम मेणात बुडवला. मेणाचा हातमोजा चढवून मी बाकावर बसलो. शेजारी एक काळेसावळे, बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, हे नंतर कळलं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची मिटलेली होती. कोपऱ्यात रेडिओ चालू होता. माझा मोकळा हात माझ्याही नकळत गुडघ्यावर चालत असणार, कारण त्यांनी तो पकडला, उलटा केला आणि तळव्याची किनार, जिथं घट्टे आहेत ती, अंगठ्यानं चाचपली. मग दारातल्या मीनांना काहीतरी म्हणाले.

मीना चकित झाल्या. "काका, ते विचारताहेत, तुम्ही कुठला ड्रम वाजवता."

"काँगो, म्हणावं."

ते मोठ्यानं हसले. त्यांचं नाव ओरेस्तेस. क्यूबातल्या मातान्सास या बंदराचे. पंचवीसेक वर्षांपूर्वी बोटीनं इथं आले. वडील गोदीत हमाल होते आणि घरात सगळे हेच वाद्य वाजवायचे. इंडियातला माणूस काँगो वाजवतो यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आम्हाला गुरुवारी दुपारी घरी बोलावलं. मीनांची त्या दिवशी सुट्टी असते. मी दमलो होतो, जायचं नव्हतं. पण एकतीस वर्षं एखाद्याच्या मुलीबरोबर संसार करावा आणि तिचं माहेर गावात निघालं तर जायचं नाही, हे बरं दिसेना.

ओरेस्तेस यांचं घर म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या आणि मागं सिमेंटचं अंगण. दोरीवर कपडे वाळत होते. त्यांच्या पत्नी, एल्साबाई, यांनी आधी जेवायलाच बसवलं. काळ्या घेवड्याची दाट आमटी आणि भात, तळून चेपून पुन्हा तळलेली कच्ची केळी, आणि एका ताटात पांढऱ्या उकडलेल्या कंदाचे तुकडे, वरून लसूण आणि लिंबू. मी कंद तोंडात टाकला आणि चव ओळखीची वाटली. मीना म्हणाल्या, "काका, याच्यापासूनच साबुदाणा होतो." मी एल्साबाईंना सांगायला सांगितलं की आमच्याकडे या कंदाचे मोत्यांसारखे दाणे करतात आणि उपवासाला खातात. त्यांनी विचारलं, उपवासाला खातात म्हणजे? उपवास म्हणजे न खाणं ना? मीनांनी बराच वेळ समजावलं. त्या विनयानं मान हलवत राहिल्या.

मग अंगणात गेलो. तीन काँगो भिंतीला टेकून उभे होते. जुने, लाकडाच्या फळ्या जोडून केलेले, कातड्यांवर हातांचे काळे डाग. ओरेस्तेस यांनी सगळ्यात मोठ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "तुम्बा."

मी दचकलो. "आमच्यातही याला तुंबाच म्हणतात!" माझ्या मास्तरांनी, गोव्याच्या एका हॉटेल बँडमधल्या वादकानं, मला तसंच शिकवलं होतं. मी आजवर समजत होतो की तंबोऱ्याच्या भोपळ्याला तुंबा म्हणतात त्यावरूनच ते आलं असणार. गोल, पोटाचा, म्हणून तुंबा.

मीनांनी सांगितल्यावर ओरेस्तेस गंभीर झाले. खुर्ची ओढून बसले आणि हळूहळू, मीनांना मराठीत सांगायला वेळ देत, बोलायला लागले.

त्यांच्या आजीची आजी आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या बाजूची. तिला जहाजात घालून उसाच्या मळ्यावर आणलं. नेसत्या वस्त्रानिशी. ढोल कुठून येणार? ढोल हातात नाही, पण डोक्यात होता. मळ्यावर आणि बंदरावर दारूची, तेलाची रिकामी पिंपं मिळायची. त्यांचं तोंड बैलाच्या कातड्यानं मढवलं. खिळे मारून. कातडं सैल पडलं की कागद पेटवून त्याची धग द्यायची. पेचानं ताणायच्या लोखंडी कड्या फार नंतर आल्या. तुंबा हा शब्द आजीच्या बोलण्यातला, त्यांच्या लोकांचा.

"आणि सरकारनं ढोल बंद केले होते," मीना सांगत होत्या. "त्यांच्या वडिलांसमोर पोलिसांनी ढोल फोडला, म्हणताहेत. मग गोदीत खारवलेल्या माशांची खोकी यायची न, त्यावर वाजवायचे. खोक्याला पोलिस काय म्हणणार? घरातला टेबलाचा खण ओढून त्याच्यावरही."

मी त्या काँगोकडे बघत होतो. एवढी वर्षं माझ्या लेखी हे नाचाच्या गाण्याचं वाद्य होतं. हेलनछाप कपड्यातली बाई स्टेजवर आली की वाजवायचं. कुणाचा ढोल पोलिसांनी फोडला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनाही ठाऊक नसावं. ते रेकॉर्ड ऐकून शिकले होते.

तेवढ्यात त्यांचे दोन दोस्त आले, दोघेही सत्तरीपुढचे. ओरेस्तेस मला म्हणाले, वाजवा. मी तिन्ही काँगो जवळ ओढले आणि जे येतं ते सगळं वाजवलं. हात दुखत होता, तरी हातांची फेकाफेक केली, शेवटी तिन्हींवरून एक लांब घसरण घेतली. कार्यक्रमात इथं टाळ्या येतात. अंगणात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एल्साबाई दोरीवरचे कपडे काढायच्या थांबल्या होत्या, एवढंच.

ओरेस्तेस यांनी काहीतरी विचारलं. मीना मराठीत सांगताना जरा अडखळल्या. "काका, ते विचारताहेत, आत्ता किती जण वाजवत होते?"

"किती म्हणजे? मी एकटाच."

ओरेस्तेस यांनी माझा उजवा हात उचलून दोस्तांना सुजलेलं बोट दाखवलं. "म्हणून असं झालं, म्हणताहेत."

मग त्यांनी समजावलं. एका माणसाला एकच काँगो. तुंबा खाली जमीन धरतो. मधला त्याला उत्तर देतो. लहान असतो तो बडबड करतो, नाचणाऱ्याशी भांडतो. तिघं मिळून बोलतात. न्यूयॉर्कला बँड आले, स्टेजवर जागा नव्हती, तेव्हा एकाच माणसापुढे तिन्ही ठेवायला लागले. तेच रेकॉर्डमधून जगभर गेलं. "तुमच्या मास्तरांनी तीन माणसं ऐकली आणि तुम्हाला एकट्याला शिकवलं," असं ते म्हणाले. त्यात हेटाळणी नव्हती.

त्यांनी मला तुंब्यापुढे बसवलं. दोन दोस्त इतर दोघांवर. ओरेस्तेस यांनी स्वतः बोटाएवढे जाड दोन लाकडी दांडके घेतले, आपल्या टिपऱ्यांपेक्षा आखूड. जहाजाच्या लाकडी खुंट्यांपासून सुरुवात झाली त्यांची, म्हणे. मिटलेल्या बोटांच्या खोबणीत एक दांडका ठेवून त्यावर दुसरा ते मारत राहिले. तोच ठोका, न चुकता. मला फक्त तीन थापा दिल्या होत्या. पहिली पाच मिनिटं मी हरवलो. मी सम शोधत होतो. आपल्याकडे कुठेही गेलं तरी परत यायचं एक घर असतं. मीनांमार्फत विचारलं, सम कुठे आहे? त्यांना प्रश्नच कळला नाही. दांडके दाखवून म्हणाले, हे ऐका, परत यायचं कशाला, इथंच राहा.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन भिंतीवरून वर सरकलं. हात दुखत होता, पण हळू. बाकीचं सगळं दुसरे वाजवत होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला वाजवताना ऐकायला वेळ मिळाला. आणि ऐकता ऐकता लक्षात आलं की मी किती दमलोय. प्रवासानं नव्हे. एकट्यानं तिघांचं करून.

निघताना मी ओरेस्तेस यांना विचारलं, तुम्ही काँगो कधी सोडला? ते म्हणाले, सोडला कुठे? बोटं गेली तेव्हा दांडके घेतले. दांडके धरता येईनात की गाईन. गळा गेला की खुर्ची टाकून बसेन. अंगणातून कोण उठवतंय?

परतताना गाडीत मी मीनांना म्हणालो, आमच्याकडे थांबलं की माणूस स्टेजवरून उतरतो, आणि तिथपासून घरापर्यंत मध्ये काहीच नसतं. त्या म्हणाल्या, "हो न काका," आणि सिग्नल सुटला.

ॲन आर्बर, मिशिगन

शुक्रवारचा दिवस व्हॅनमध्ये गेला. ॲन आर्बर हे विद्यापीठाचं गाव. थंडी पडायला लागली होती. मुलं मफलर गुंडाळून सायकली हाकत होती. रविवारी सकाळी साउंड चेकला मी संदेशला बाजूला घेतलं. खरं तर तीन वर्षांत मी त्याच्याशी कामापुरतंही धड बोललो नव्हतो.

"संदेश, आज मी फक्त मोठा वाजवणार. मधला आणि लहान तू तुझ्या पॅडवर घे."

तो घाबरला. "अण्णा, माझं काही चुकलं का? विलासदादा काही बोलले का?"

"कुणी काही बोललं नाही. मी खाली धरतो, तू वर बोल. माझ्यावर चढू नकोस, मी तुझ्यावर चढणार नाही."

"आणि सोलो?"

"तू घे."

दोन काँगो मी विंगेत नेऊन ठेवले. तीन तास कार्यक्रम झाला. कसलीही फेकाफेक केली नाही, तीन-चार थापांपलीकडे गेलो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. नंतर जेवणाच्या रांगेत एक काकू मला म्हणाल्या, "कीबोर्ड काय सुंदर वाजवता हो तुम्ही!" मी थँक यू म्हणालो.

फक्त संदेश ताट घेऊन माझ्याशेजारी बसला. बराच वेळ वरणभात कालवत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, आज पहिल्यांदा मला खाली काहीतरी आहे असं वाटलं यार. सॉरी, यार नाही. अण्णा."

सोमवारी सकाळी मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत विलास एकटा होता. तिथं एक यंत्र असतं. पीठ ओतायचं, झाकण लावून उलटं करायचं, दोन मिनिटांत जाळीदार वॉफल तयार. विलासनं पीठ जास्त ओतलं होतं. ते कडेनं गळत होतं आणि तो कागदानं पुसत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "विलास, परत गेल्यावर मी थांबतो. हात गेलाय."

त्याचा हात पुसता पुसता थांबला. यंत्राची शिट्टी वाजली. त्यानं झाकण उघडलं नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, गेली तीन वर्षं बघत होतो तसाच. त्यावर सुटका दिसली. लपवायचा त्यानं प्रयत्न केला, पण दिसली. 'एक वर्ष तरी काढा अण्णा' असं त्यानं म्हणावं, एवढी माझी इच्छा होती हे मला त्या क्षणी कळलं. तो तसं म्हणाला नाही.

"अण्णा," तो म्हणाला, "तीन वर्षं झाली. दर गणपतीच्या आधी ठरवतो की तुम्हाला सांगायचं. मंडळवाले म्हणतात माणसं कमी करा. तुमचं तोंड बघितलं की जीभ रेटत नाही. मला माझ्या बाबांनी पहिल्यांदा तुमच्या भरवशावर स्टेजवर सोडलं होतं."

यंत्रातून धूर यायला लागला होता. मला राग यायला हवा होता. तो आला नाही, हसूच आलं. तो बसवेल या भीतीनं मी हात लपवून वाजवत होतो आणि तो माझ्यासाठी मला ठेवून घेत होता.

"आधी सांगायचंस ना रे," मी म्हणालो. "हात तरी वाचला असता."

विलासनं माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि तिथंच, पिठानं भरलेल्या टेबलापाशी, रडायला लागला. काउंटरवरची बाई धूर बघून धावत आली. तिनं झाकण उघडून करपलेलं ते कचऱ्यात टाकलं, आमच्या दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता नवीन पीठ ओतलं.